सोलापुरात कोणाचा ‘नेहमीचा दवाखाना’ कोणता, आणि तोच का

अशोक चौकाच्या पूर्वेला यंत्रमागांचा खडखडाट चालू असलेल्या कुठल्याही गल्लीत गेलात, तर बहुतेक घरांत दाराजवळच्या खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी लटकलेली दिसेल. घरातल्या आजारपणाचं सगळं दप्तर तिच्यात असतं. सिव्हिलचा घडी पडून फाटलेला केसपेपर, दोन वर्षांपूर्वीचा साखरेचा रिपोर्ट, कुणीतरी डोळ्यांच्या शिबिरात दिलेली चिठ्ठी आणि कात्रीने कापलेली गोळ्यांची पट्टी. पट्टीवर चार गोळ्या शिल्लक आहेत, पण औषधाचं नाव आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहिला. पिशवीत चार ठिकाणच्या चार गोष्टी आहेत, आणि त्यातली एकही दुसरीला ओळखत नाही.

आरोग्यसेवेचा अभ्यास करणारे लोक नेमकं हेच मोजतात. प्रश्न साधा असतो: आजारी पडलात किंवा तब्येतीबद्दल काही विचारायचं असलं, तर तुम्ही नेहमी जाता अशी एखादी जागा आहे का? असेल तर कोणती? गल्लीतला डॉक्टर, महापालिकेचं आरोग्य केंद्र, सिव्हिल, की थेट स्पेशालिस्ट? अमेरिकेत हा प्रश्न कित्येक वर्षं विचारला जातो आहे. तिथे स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिनो कुटुंबांमध्ये अशी जागा नसण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघतं. विमा नसलेल्यांमध्ये ते आणखी वाढतं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रुग्णांची ‘नेहमीची जागा’ ठरावीक डॉक्टरऐवजी रुग्णालयाची ओपीडी किंवा इमर्जन्सी असण्याची शक्यताही जास्त असते. तो देश वेगळा आणि तिथली विम्याची भानगडही वेगळी. प्रश्न मात्र सोलापूरला चपखल बसतो, कारण इथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच रस्त्यावर ऐकू येतात, आणि भाषेबरोबर बहुतेकदा धंदा, वस्ती आणि कमाईही बदलते.

नेहमीची जागा म्हणजे केवळ जवळची जागा नव्हे. चार गोष्टी जुळल्या की तिला तसं म्हणता येतं. कुठलाही त्रास झाला तरी पहिली पायरी तीच असते. तिथे माणूस किंवा निदान नोंद तरी तीच राहते. सर्दीपासून साखरेपर्यंत बहुतेक गोष्टी तिथे बघता येतात. आणि पुढे मोठ्या ठिकाणी पाठवलं, तर तिथे काय झालं हे परत येऊन सांगायची सोय असते. सोलापुरातल्या बहुतेकांच्या वाट्याला यातली पहिली येते, क्वचित दुसरी. उरलेल्या दोन अडतात.

फुकट ते महाग, आणि शंभर रुपयांचं स्वस्त

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा हिशेब आहे. देशभरात त्यातले सुमारे ३० टक्के सरकारी ठिकाणी झाले, ४३ टक्के खासगी डॉक्टरच्या दवाखान्यात आणि २३ टक्के खासगी रुग्णालयात. म्हणजे सरकारी सेवा फुकट किंवा नाममात्र दरात असूनही दहातली सात आजारपणं दुसरीकडे जातात. यावर ‘लोकांना जाणीव नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आम्हाला ते पटत नाही. जाणीव पुरेपूर असते, हिशेबही केलेला असतो.

तो हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. यंत्रमागावरच्या कामगाराची रोजची मजुरी ५०० रुपये धरा. सिव्हिलची ओपीडी सकाळची. जायला-यायला रिक्षाचे ६० रुपये. केसपेपर, डॉक्टर, तपासणी आणि औषध अशा चार रांगांत अर्धा दिवस गेला, म्हणजे २५० रुपये बुडाले. एकूण ३१० रुपये, वर मालकाची कुरकुर वेगळीच. गल्लीतला डॉक्टर रात्री नऊपर्यंत बसतो. पाळी सुटल्यावर जायचं, १०० रुपये द्यायचे, दोन दिवसांच्या गोळ्या आणि वाटलं तर एक सुई. खाडा नाही. एका वेळेचा विचार केला तर फुकटचा दवाखाना तिप्पट महाग पडतो.

विडी कामगार बाईचं गणित याहून कडक. तिला रोजची मजुरी नाही, हजार विड्यांमागे दर आहे. कारखान्यात पानं-तंबाखू घ्यायची, घरी विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या. वर ‘छाट’ म्हणून काही विड्या बाद होतात, त्या वेगळ्याच. तिच्या हाताचा प्रत्येक तास मोजलेला असतो. सिव्हिलची सकाळ म्हणजे तिच्या शे-दोनशे विड्या.

सर्दी-तापाला हा हिशेब चालून जातो. ब्लड प्रेशर आणि साखरेला तो घात करतो. १०० रुपयांत दोन दिवसांच्या गोळ्या म्हटलं, तर महिन्याला पंधरा खेपा आणि १,५०० रुपये. एवढं कोणी करत नाही. मग होतं असं: डोकं जड झालं की गोळी, उतरलं की बंद. ॲम्लोडिपिनसारख्या नेहमीच्या बीपीच्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण आठवडा लागतो. दोन दिवस घेऊन सोडलेली गोळी ना दाब खाली ठेवते, ना ती लागू पडते की नाही हे कळू देते. पुढच्या खेपेला डॉक्टरला दाब चढलेलाच दिसतो, तो गोळी बदलतो किंवा आणखी एक वाढवतो. असं दोन-तीन वर्षं चाललं की पिशवीत पाच नावांच्या पट्ट्या जमतात, दाब मात्र जिथल्या तिथे.

चिठ्ठीवर न लिहिलेल्या गोळ्यांची आणखी एक अडचण आहे. अंगदुखीवर ‘लगेच बरं वाटणाऱ्या’ पुडीत कधी कधी स्टेरॉइड असतं. त्याने दुखणं खरंच थांबतं, पण साखर चढते आणि दाबही वाढू शकतो. ज्याला आपण काय खाल्लं हे सांगता येत नाही, त्याची साखर का चढली हे पुढच्या डॉक्टरलाही सांगता येत नाही.

वेळेची अडचण सरकारलाही ठाऊक आहे. १ मे २०२३ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ योजनेची ठरलेली वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी आहे. आमच्या मते कामगार वस्तीसाठी गेल्या कित्येक वर्षांत घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय. इमारत वा यंत्रं यांपेक्षा घड्याळ बदललं, हे महत्त्वाचं. शहरी आरोग्य अभियानाच्या मापाने ५०,००० लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र हवं. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर ९,५१,५५८ होतं. तेवढ्यालाच एकोणीस केंद्रं लागतात, आणि त्यानंतर शहर वाढलंच आहे.

कार्डं भरपूर, पण कशाची?

इथे सर्वांत जास्त गोंधळ असतो, म्हणून थोडं थांबून बघू.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सोलापूरला नवी नाही. २ जुलै २०१२ ला ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आज ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देते. पण हे संरक्षण दाखल झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांना आहे. बायपास, डायलिसिस, कॅन्सरची केमो त्यात बसतात. महिन्याची बीपीची गोळी, साखरेची तपासणी, डॉक्टरची फी यात बसत नाही. ‘कार्ड आहे ना, मग गोळ्यांना पैसे का?’ असं विचारणारा माणूस चुकीचा नाही, त्याला कोणी हे सांगितलेलं नसतं. दाब वाढून मेंदूत रक्तस्राव झाला की योजना धावून येते, दाब वाढू नये म्हणून तिच्याकडे काही नाही.

आभा कार्डाचंही तसंच. तो १४ आकडी क्रमांक फक्त नोंदींसाठी आहे, त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. आयुष्मान कार्ड वेगळं, ते वर सांगितलेल्या दाखल उपचारांसाठी. आणि ७० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. तिन्ही कार्डं एकाच पाकिटात असतात आणि दवाखान्याच्या खिडकीवर नेमकं चुकीचं निघतं.

नियमित उपचार खरोखर देणारं कार्ड म्हणजे कामगार विमा, म्हणजे ईएसआय. दहा किंवा जास्त कामगार असलेली आस्थापना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के कापले जातात. त्या बदल्यात दवाखाना, गोळ्या, तपासण्या, दाखल होणं हे सगळं मिळतं, आई-वडील अवलंबून असतील तर त्यांनाही. आजारपणात मजुरीच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. कागदावर ही देशातली सगळ्यात भरीव सोय आहे. सोलापुरात ती अडते ती ‘दहा’ या आकड्यावर. चार माग आणि तीन माणसं असलेली शेड कायद्याच्या बाहेर. शेजारी शेजारी तीन शेड, तीन नावं, मालक एकच, असंही असतं. आणि जिथे वर्गणी कापली जाते तिथेही चुका होतात. जोडलेला दवाखाना जुन्या पत्त्यावरचा राहतो, बायको-मुलांची नावं चढवलेली नसतात, जन्मतारीख आधारशी जुळत नाही. वर्गणी भरली जाते की नाही हे उमंग ॲपवर बघता येतं. नोकरी धरल्यावर पहिल्या महिन्यातच बघावं, आजारी पडल्यावर नव्हे.

विडी कामगारांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कल्याण संघटनेचे वेगळे दवाखाने आहेत. त्यासाठी विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. पूर्वी या निधीत विडीवरच्या उपकरातून पैसा यायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला, उपकर गेला, आता तो अर्थसंकल्पातून येतो. ओळखपत्र कारखान्याच्या नोंदीवर अवलंबून असल्याने दुसरीच्या नावावर विड्या वळणाऱ्या बाईला ते मिळत नाही.

जात-भाषेचा फरक किती, कमाईचा किती?

शहराच्या पूर्वभागातला पद्मशाली हा तेलुगू भाषिक समाज तेलंगणातून विणकामासाठी आला. विडी वळणाऱ्यांतही तेलुगू बायका मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे ‘तेलुगू लोक गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात’ असं कोणी म्हटलं तर आधी विचारावं, की हे तेलुगू असल्यामुळे की मागावर असल्यामुळे? अभ्यासक हा गुंता असा सोडवतात: कमाई, धंदा आणि वस्ती सारखी असलेल्या दोन माणसांची तुलना करायची, फरक फक्त भाषेचा ठेवायचा. एकाच कारखान्यात विड्या देणाऱ्या, एकाच वस्तीत राहणाऱ्या दोघी, एक मराठी, दुसरी तेलुगू. फरक पुसला गेला तर तो कमाईचा होता. उरला तर भाषा, विश्वास, ओळख यांचा. अमेरिकेतल्या आकड्यांत उत्पन्न आणि विमा सारखा केल्यावर फरक बराच कमी होतो, पण संपत नाही, आणि जो उरतो त्यात इंग्रजी न येण्याचा वाटा मोठा असतो.

भाषा कशी अडवते, ते एका शब्दात दिसेल. तेलुगूत धाप लागण्याला ‘आयासम्’ म्हणतात. मराठी कानाला ते ‘आयास’ वाटतं, म्हणजे कष्ट, दमणूक. ‘कालच्यापासून आयासम् होतंय’ असं पन्नाशीची अम्मा म्हणाली आणि समोरच्या नव्या शिकाऊ डॉक्टरने ‘थकवा’ लिहिलं, की ताकदीची गोळी मिळते. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची राहून जाते. साखरेच्या रुग्णाच्या पायाला मुंग्या येतात त्याला तेलुगूत ‘तिम्मिरि’, कन्नडमध्ये ‘जोमु’. चक्कर येण्याला तेलुगू माणूस ‘कळ्ळु तिरुगुतुन्नायि’, म्हणजे डोळे फिरतात म्हणतो, आणि त्याला डोळ्यांच्या विभागात पाठवलं जाऊ शकतं. गल्लीतल्या डॉक्टरला हे शब्द पाठ असतात. त्याच्याकडे गर्दी असण्याचं निम्मं कारण एवढंच.

शिकलेल्या नातवाला दुभाषी करून न्यायचा रिवाज आहे. तापापुरता ठीक. पण अंगावरून जाणं, लघवीचा त्रास हे आजी बारा वर्षांच्या मुलासमोर बोलत नाही, आणि मुलगा अवघड वाटेल ते गाळतो. शेजारची मोठी बाई किंवा आशाताई न्यावी. मुस्लिम वस्त्यांत भाषेची अडचण कमी, दखनी सगळ्यांना कळते. तिथे बायकांच्या तपासणीला बाईच डॉक्टर असण्याला जास्त महत्त्व दिलं जातं, आणि खरं तर ते कुठल्याही वस्तीतल्या बाईला विचारलं तरी वेगळं उत्तर येत नाही.

समाजाने स्वतः उभी केलेली सोय हाही या गोष्टीचा भाग आहे. पूर्वभागातलं मार्कंडेय सहकारी रुग्णालय घ्या. तिथल्या खिडकीवर आपली भाषा चालते, हे अंतरापेक्षाही मोलाचं ठरतं.

सेटलमेंटची कथा निराळी. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्या समाजांची ही वस्ती. कुंपण सुटलं ३१ ऑगस्ट १९५२ ला. पण सरकारी इमारतीत नाव-गाव विचारलं की अंग आक्रसतं ते अजून. त्यात मारहाण, भाजणं, विषबाधा, अपघात यांची नोंद सिव्हिलला पोलिसांकडे द्यावीच लागते. जखम झाली तरी छोट्या खासगी ठिकाणी टाके घालून घेण्याकडे कल असतो, तो यातून. याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने आधी इतिहास वाचावा.

आता होटगी रस्ता, जुळे सोलापूरकडे वळू. पैसा आहे, म्हणून नेहमीचा डॉक्टर असेलच असं नाही. सांधे दुखले की ऑर्थो, साखरेला डायबेटॉलॉजिस्ट, छातीत जळजळ झाली की थेट कार्डिओ. चार फायली, चारही जाडजूड. दाबासाठी टेल्मिसार्टन, सोबत पाणी काढणारी गोळी, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, या तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडावर ताण येतो, वय जास्त असेल तर मोठाच. तिघा डॉक्टरांनी आपापली गोळी बरोबरच दिलेली असते. तिन्ही चिठ्ठ्या एकत्र बघणारा कोणी नसतो. आमच्या बघण्यात या शहरात या बाबतीत सगळ्यात बरी स्थिती मधल्या वर्गाची, ज्यांनी वीस वर्षं एकच फॅमिली डॉक्टर धरून ठेवला आहे.

मग करायचं काय

आधी एक जागा ठरवा आणि ती संध्याकाळची असू द्या. आपल्या भागाचं नागरी आरोग्य केंद्र आणि आपला दवाखाना कुठे, हे आशाताईला विचारलं की कळतं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी-साखर तिथे मोफत तपासली जाते. गोळ्या सुरू झाल्या की एकच मागणी लावून धरा: ३० दिवसांच्या द्या. सात दिवसांच्या मिळाल्या तर कारण विचारा. साठा नसेल तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे जनऔषधी दुकानात तेच स्वस्तात मिळतं. साखर असेल तर तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पायांची तपासणी. एवढं झालं की नियमित उपचार सुरू झाले असं समजायला हरकत नाही.

गल्लीतला डॉक्टर सोडायची गरज नाही. त्याला फक्त चिठ्ठी लिहायला लावा. ‘डॉक्टर, दिलेल्या गोळीचं नाव लिहून द्या, सिव्हिलला विचारतात’ असं म्हटलं की बहुतेक जण देतात. न देणाऱ्याबद्दल काय समजायचं ते समजा.

विडी वळणाऱ्या घरात खोकल्याला ‘तंबाखूचा’ म्हणून वर्षानुवर्षं सोडून देतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. ती मोफत आहे. क्षयरोग निघाला तर औषधंही मोफत, खासगी डॉक्टरकडे असलात तरी. निदान झालेल्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपये खात्यात येतात, त्यासाठी बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

खासगी धर्मादाय रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांच्या आत असल्यास मोफत आणि ३,६०,००० च्या आत असल्यास सवलतीत खाटा राखून ठेवलेल्या असतात, दोन्हींसाठी दहा-दहा टक्के. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर मागून उपयोग होत नाही, दाखल होतानाच सांगा. जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तो जागेवर नसेल तर १५५३८८ वर फोन करा.

घर बदलताना सगळ्यात जास्त उपचार तुटतात, आणि सोलापुरात घरं हजारांनी बदलत आहेत. कुंभारीच्या ३०,००० घरांच्या रे नगर प्रकल्पातली पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला कामगारांना मिळाली. पक्कं घर मिळालं, पण गल्लीतला डॉक्टर पूर्वभागातच राहिला, आणि कुंभारी महापालिकेच्या हद्दीत नाही. तिथली आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, आशाताई वेगळी, नोंदवही वेगळी. म्हणून सामान बांधायच्या आधी जुन्या केंद्रातून बीपी-साखरेच्या कार्डाची नक्कल आणि दोन महिन्यांच्या गोळ्या घ्या. क्षयाचे उपचार चालू असतील तर ‘बदली’ची नोंद करून घ्या, नाहीतर जुनं केंद्र ‘रुग्ण सापडत नाही’ लिहून मोकळं होतं. कामगार विमा असेल तर दवाखाना नव्या पत्त्याला जोडून घ्या. आणि शिधापत्रिकेवरचा पत्ता बदलायला टाकला असेल तर त्याची पोच त्याच पिशवीत ठेवा, कारण मधल्या काळात कोणी दाखल झालं तर खिडकीवर तीच मागतात.